शोधप्रवाशांचा पाठ

मु. नागपूर

चि. बाळ यास,

घुग्घुसच्या शाळेत रुजू झाल्याचे तुझे पत्र पावले. जगप्रसिद्ध शोधप्रवाशांचा पाठ शिकवूनही वर्ग निर्विकार राहिला, असे तू लिहितोस, त्याचे मला नवल वाटत नाही. कारण कोलंबस 1492, गामा 1498, मॅगेलन 1519 ही फेरिस्त म्हणजे हजेरीपटच होय, आणि हजेरी देताना कोणत्या मुलाला आनंद होतो?

वस्तुतः या विषयाचे जे साधन तुझ्यापाशी आहे ते मुंबई-पुण्याच्या शिक्षकापाशी नाही, आणि ते खाणीतली पाळी संपवून परतणाऱ्या बापांच्या कपड्यांना चिकटून रोज मुलांच्या घरी येते. वर्धा खोऱ्यातला हा दगडी कोळसा 25 कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या अरण्याचा अवशेष असून, त्या अरण्यात ग्लॉसोप्टेरिस नामक, जिभेच्या आकाराच्या पानांच्या वृक्षांचे प्राबल्य होते. कोळसा वर्गात ठेव आणि मग स्कॉटची हकीकत सांग. कॅप्टन स्कॉट 17 जानेवारी 1912 रोजी दक्षिण ध्रुवावर पोहोचला, तेव्हा नॉर्वेचा अमुंडसेन आदल्या 14 डिसेंबरलाच तेथे निशाण रोवून गेला होता. परतीच्या वाटेवर शिधा सरत आलेला, सोबती खचत चाललेले, बर्फावरची गाडी स्वतःच ओढावयाची, अशा अवस्थेतही त्या मंडळींनी बिअर्डमोर हिमनदीच्या परिसरात दगड वेचले, आणि ते सुमारे 16 किलोंचे ओझे अखेरच्या मुक्कामापर्यंत टाकले नाही. नोव्हेंबरात शोधपथकाला तिघांची प्रेते सापडली, तसे ते दगडही सापडले. आणि त्यांत ग्लॉसोप्टेरिसचे अवशेष निघाले. ध्रुवाभोवतीचा अंटार्क्टिका खंड एके काळी आपल्या भूमीशी जोडलेला होता, या मताचा तो एक सबळ दाखला ठरला. आणि त्या प्राचीन महाखंडाला जगभरच्या भूवैज्ञानिकांनी नाव मान्य केले ते गोंडवनाचे, म्हणजे ज्या मुलखात चांद्याच्या गोंड राजांचे राज्य होते त्याचे. दगड टाकले असते तर ती माणसे वाचली असती, असे काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. परंतु हा वाद वर्गात अवश्य होऊ दे.

दुसरे असे की, साहसाचे कौतुक करताना साहसी पुरुषाला वाट कोणी दाखवली हे वगळू नकोस. गामाच्या कितीतरी आधीपासून अरब आणि गुजराती व्यापारी अरबी समुद्रावर ये-जा करीत होते, आणि मालिंदीहून कालिकतला त्याला आणले ते तेथे मिळालेल्या वाटाड्याने. त्याच्या जहाजांमागून आरमार आले आणि 1510 साली गोवे पोर्तुगीजांच्या ताब्यात गेले, हेही त्याच पाठात आले पाहिजे. त्याच गोव्यातून 6 डिसेंबर 1981 रोजी डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखाली पहिली भारतीय मोहीम अंटार्क्टिकाकडे निघाली, आणि ध्रुवीय संशोधनाची आपली राष्ट्रीय संस्था आजही वास्को द गामा नावाच्याच शहरात आहे. इतिहासाला असा विनोद क्वचितच साधतो!

मुलांना मात्र खाणीच्या हद्दीत नेऊ नकोस. कोळशाच्या थरालगतचा पाटीसारखा दगड एखाद्या पालकाकडून मागवून घे. त्यावर पानाचा ठसा निघाला तर उत्तम, न निघाला तर नुसता कोळसाही पुरे. पाठ झाल्यावर मुलांनी विचारलेले प्रश्न, विशेषतः ज्यांची उत्तरे तुला देता आली नाहीत ते, सविस्तर लिहून कळव.

तुझा,
मामा