बंपर रंगवताना रंगाआधीचं बघा

गाडी धुताना प्रेशरचं पाणी मागच्या बंपरच्या कोपऱ्यावर आलं आणि तळहाताएवढा रंगाचा पापुद्रा उडाला. खाली काळंभोर, गुळगुळीत प्लास्टिक. त्यावर ना प्रायमरचा करडा थर, ना पेपर घासल्याची खूण. कुणाच्या तरी स्कूटरने पार्किंगमध्ये ओरखडे काढले, म्हणून हा बंपर मी एका गॅरेजमधून रंगवून घेतला होता. त्याला पुरता एक पावसाळाही झाला नव्हता. गाडी ताब्यात घेतली तेव्हा रंग इतका छान दिसत होता की शंका घ्यायला जागाच नव्हती. गॅरेजमध्ये परत गेले तर उत्तर मिळालं, "ताई, प्रेशर जवळून मारलं असेल त्यांनी." पक्कं बिल मागूनही दिलेलं नव्हतं, त्यामुळे बोलणं तिथेच संपलं.

तो पापुद्रा मी पिशवीत ठेवला होता. पुण्यात नाना पेठेत रंगाच्या दुकानाशी उभ्या असलेल्या एका वयस्कर पेंटरकाकांना दाखवला. त्यांनी वरचा रंग बघितलाच नाही. पापुद्रा उलटा केला, अंगठा फिरवला आणि म्हणाले, "पाठ बघा कशी चकाकतेय. याने खाली धरलंच नव्हतं कधी." पाठ खरंच काचेसारखी गुळगुळीत होती. नीट धरलेला रंग असा अख्खा सुटत नाही, खरवडला तर भुगा होऊन निघतो. मला या विषयात जे काही कळलं त्याची सुरुवात त्या अंगठ्यापासून झाली. आणि आज कुणी "बंपर घरी रंगवू की गॅरेजला देऊ?" असं विचारलं, तर मी आधी हेच सांगते की रंग कोण मारतो हा नंतरचा प्रश्न. रंगाच्या खाली काय होणार आहे आणि ते तुम्हाला बघायला मिळणार आहे का, ते आधी ठरवा.

बंपरच्या आतल्या बाजूला साच्यातच उठवलेली अक्षरं असतात. बहुतेक गाड्यांवर 'पीपी' आणि 'ईपीडीएम' अशी सापडतील. म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, त्यात लवचीकपणासाठी रबर मिसळलेलं. या प्लास्टिकचा गुणच असा की त्याला सहजासहजी काही चिकटत नाही. म्हणून कारखान्यात रंगाआधी त्यावर ज्योत फिरवतात किंवा खास चिकटवणारा थर देतात. गॅरेजमध्ये तेच काम प्लास्टिक प्रायमर करतो, ज्याला पेंटर अ‍ॅडहिजन प्रमोटर असंही म्हणतात. पातळ, जवळजवळ पारदर्शक थर असतो तो, मारायला काही मिनिटं लागतात. पत्र्याचा नेहमीचा प्रायमर थेट प्लास्टिकवर मारून चालत नाही. आणि हा थर वगळला तर पहिल्या दिवशी कुणालाही कळत नाही. फसगत होते ती इथेच.

आता घरी करण्याबद्दल. पुढच्या बंपरचा खालचा कोपरा फुटपाथला घासला होता, तो मी स्वतः केला, त्यामुळे ऐकीव सांगत नाही. सगळ्यात आधी तो डाग खरंच ओरखडा आहे का ते बघा. साबणाने धुवा, सुकल्यावर नख फिरवा. नख अडकत नसेल तर पुष्कळदा आपल्या गाडीचा रंग गेलेलाच नसतो, पार्किंगच्या खांबाचा किंवा दुसऱ्या गाडीचा रंग वर बसलेला असतो. रबिंग कंपाउंड मऊ कापडावर घेऊन हलक्या हाताने घासलं की तो निघतो. माझ्या शेजारच्या काकूंना गॅरेजमध्ये पूर्ण बंपर रंगवायला सांगितलं होतं. त्यांचा अर्धाअधिक डाग कंपाउंडनेच गेला. रंगकामाचा विचार त्यानंतर करायचा.

नख अडकलं तर मात्र पेपर हातात घ्यावा लागतो. वॉटर पेपर 600 नंबरचा, ओला, आणि हात हलका. दणकून खरखरीत पेपर मारला तर या प्लास्टिकला बारीक लव सुटते. मग कितीही घासा, ती लव रंगातून वर दिसते. मूळ कंपनीचा रंग जिथे शाबूत आहे तिथला खरवडून काढू नका, त्याच्याइतका चांगला पाया आपल्याला पुन्हा मिळणार नाही. त्याची फक्त कड घासून उतरती करायची, डोळे मिटून बोट फिरवलं तर पायरी लागता कामा नये. आजूबाजूचा भाग 1000 नंबरने निस्तेज करून घ्यायचा. मग पाणी शिंपडून बघायचं. पाणी सलग पसरलं तर पृष्ठभाग स्वच्छ आहे. थेंब गोळा झाले तर मेण किंवा पॉलिश अजून शिल्लक आहे. टायर आणि डॅशबोर्डच्या पॉलिशमधलं सिलिकॉन इथे फार त्रास देतं. त्याचा अंश जरी राहिला तरी ओला रंग तिथून बाजूला सरकतो आणि वाटोळे खड्डे पडतात. आयसोप्रॉपिल अल्कोहोलने पुसून घ्या, आणि पुसल्यावर त्या जागेला बोट लावू नका.

पुढे प्लास्टिक प्रायमर, मग रंग, मग क्लिअर कोट. प्रत्येकाचे पातळ हात, दोन हातांमध्ये दहा-पंधरा मिनिटं थांबणं. कॅन साधारण वीतभर अंतरावर धरून, बंपरच्या बाहेर बटण दाबायचं आणि बाहेरच सोडायचं. रंगाचा कोड गाडीच्या स्टिकरवर किंवा प्लेटवर असतो, बहुधा दाराच्या खांबाशी नाहीतर बॉनेटखाली. माझी गाडी सुझुकीच्या सिल्की सिल्व्हरची, कोड झेड-टू-एस. पण कोड जुळला म्हणजे शेड जुळली असं होत नाही. जुना रंग उन्हाने बदललेला असतो. शिवाय पत्र्याचा रंग कारखान्यात 140 अंशांच्या आसपास भाजतात. प्लास्टिक तेवढी उष्णता सोसत नाही म्हणून बंपर वेगळा, कमी तापमानाला रंगवतात. त्यामुळे नव्याकोऱ्या गाडीतही बंपर आणि मडगार्ड यांत किंचित फरक असू शकतो.

मेटॅलिक रंगात आणखी एक अडचण आहे. त्यातले अ‍ॅल्युमिनियमचे कण कसे पडले यावर शेड ठरते. हात ओला पडला तर कण बुडतात आणि रंग काळपट दिसतो, कोरडा पडला तर उजळ. गनचा दाब सांभाळणारा पेंटर हे आटोक्यात ठेवतो आणि रंग शेजारच्या भागावर विरत नेऊन फरक लपवतो. कॅनने ते साधत नाही. माझा कोपरा खाली, सावलीत आहे म्हणून खपून जातो. तोच मधोमध, नंबरप्लेटच्या रेषेत असता तर मी घरी हात घातला नसता. साधा पांढरा, लाल किंवा काळा रंग असेल, जागा तळव्याएवढी आणि खालच्या अंगाला असेल, तर घरी जरूर करा. मेटॅलिक किंवा पर्ल रंगाचा मोठा भाग, तडा गेलेला बंपर किंवा निघालेली लॉक यांच्यासाठी गॅरेज गाठा.

पैशाचं म्हणाल तर रंग, प्रायमर आणि क्लिअरचे 400 मिलीचे कॅन, पेपर, मास्किंग टेप आणि कंपाउंड धरून माझे दोन हजारांच्या आसपास गेले. गॅरेजचे पूर्ण बंपरचे दर मला अडीच ते चार हजार सांगितले होते. म्हणजे पहिल्या खेपेला बचत फारशी नाही. खऱ्या अर्थाने मिळतं ते एवढंच, की कुठल्या थराखाली काय आहे हे आपल्याला ठाऊक असतं.

हवेकडे दुर्लक्ष नको. पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये कॅनचा रंग मारू नये. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर दमट हवेतली वाफ बसते आणि रंगावर दुधी झाक येते. दिवाळीनंतरची कोरडी सकाळ, ऊन चढायच्या आधी, ही सगळ्यात चांगली वेळ. जागा मोकळी हवी. सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये कॅन फवारणं धोक्याचं आहे. कॅनमधला वायू पेट घेतो, तळघरात तो साचून राहतो. उडालेला रंग शेजाऱ्यांच्या गाड्यांवर बसतो ते वेगळंच. आणि हार्डनर मिसळायचा टू-के क्लिअर घरी वापरू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याने दमा जडतो, आणि एकदा शरीराला त्याचं वावडं झालं की नंतर अगदी थोड्या मात्रेनेही त्रास होतो. कापडी मास्क त्यासाठी काहीच कामाचा नाही. ते काम बूथमध्ये, योग्य श्वसनसाधन लावणाऱ्या माणसाचं.

नव्या गाड्यांत सेन्सरही बघावे लागतात. जुलै 2019 पासून बनलेल्या प्रवासी गाड्यांना मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे आहेत. त्यांच्यावर रंगाचे जाड थर चढले तर ते चुकीचे इशारे देऊ लागतात. ज्या गाड्यांत बंपरच्या मागे रडार आहे, तिथे पुट्टी आणि जादा मेटॅलिक थर त्या रडारच्या आड येतात. अशी गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच द्या, चार पैसे जास्त गेले तरी.

"मग विम्यातूनच करून घे की," असं घरचे म्हणतात. आधी आकडे मांडा. झिरो डेप्रिसिएशन नसेल तर प्लास्टिकच्या सुट्या भागावर 50 टक्के घसारा कापतात, रंगाच्या सामानावरही 50 टक्के. शिवाय 1500 सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला प्रत्येक क्लेमला 1000 रुपये स्वतःच्या खिशातून, त्याहून मोठ्या इंजिनाला 2000. वर नो क्लेम बोनस जातो. पहिल्या वर्षाचे 20 टक्के, पाचव्या वर्षापर्यंत 50 टक्क्यांपर्यंत चढलेली ती सूट, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावरची. ओरखड्यासाठी ती घालवणं मला तरी परवडणारं वाटत नाही.

गॅरेजला द्यायचं ठरलं तर दर विचारण्याआधी हे विचारा: "बंपर काढून रंगवणार की गाडीवरच?" काढून रंगवला तर कडा आणि आतल्या वळणांपर्यंत पेपर आणि प्रायमर पोचतो. गाडीवरच मास्किंग करून मारला तर टेपच्या रेषेवर रंगाची कड राहते आणि पुढे सोलायला तिथूनच सुरुवात होते. प्लास्टिक प्रायमर कुठला वापरता, डबा दाखवा, असं सरळ म्हणा. चांगला मिस्त्री रागावत नाही, उलट खुशीने दाखवतो. आणि रंग चढवायच्या आधी, पेपर मारून झालेला बंपर बघायला या. येणं जमत नसेल तर त्या टप्प्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागून घ्या. पूर्ण बंपर एकसारखा निस्तेज दिसला पाहिजे. जिथे जिथे चमक दिसेल तिथे पेपर पोचलेला नाही, ती जागा बोट ठेवून दाखवा.

बिलावर फक्त "पेंटिंग" नको. प्लास्टिक प्रायमर, बेस कोट, टू-के क्लिअर असं वेगळं लिहून घ्या, रंग सुटल्यास किती महिने जबाबदारी तेही. गाडी घरी आणल्यावर निदान महिनाभर वॅक्स लावू नका आणि प्रेशरचं पाणी त्या बंपरवर मारू देऊ नका. साध्या पाण्याने आणि मऊ कापडाने धुवा. पक्ष्याची विष्ठा पडली तर त्याच दिवशी ओल्या कापडाने भिजवून उचला, कोरडी घासू नका.