सीमेवर जाण्याआधी

चि. सायलीस,

ताईने कळवलं की स्प्रिंग ब्रेकमध्ये तुमचा वर्ग ॲरिझोनात टूसॉन आणि नोगालेसला जाणार आहे, स्थलांतरितांचा प्रश्न समजून घ्यायला. बरं वाटलं. मामा म्हणून चार गोष्टी सांगतो.

आधी कागदपत्रं. तू एफ-१ व्हिसावर आहेस. सीमेवरच्या कुंपणापलीकडे मेक्सिकोतही जाणार असलात तर कॉलेजने दिलेल्या आय-२० या कागदावर प्रवासासाठीची सही आहे ना, आत्ताच बघ. जाणार नसलात तरी पासपोर्ट जवळ असू दे. सीमेपासून कितीतरी आत, हमरस्त्यावरही बॉर्डर पॅट्रोल हे सीमेवरचं गस्ती दल गाड्या थांबवून कागद विचारतं.

नोगालेसला भर वस्तीतून गेलेलं कुंपण दिसेल. काँक्रीट भरलेले लोखंडी खांब आणि मध्ये जेमतेम चार इंचांची फट. ते बघून गलबलून येईल. पण सीमा ओलांडताना माणसं वाळवंटात का मरतात, हे तिथल्या जाणत्यांना विचार. १९९४ पासून अमेरिकन सरकारने शहरांलगतच्या सोप्या वाटा बंद करत आणल्या. पुढचं वाळवंट बघून लोक माघारी फिरतील, असा हिशेब होता. लोक फिरले नाहीत, त्यांनी वाळवंटाची वाट धरली. टूसॉनच्या पिमा काउंटीत २००० सालापासून असे हजारो मृतदेह नोंदले गेले आहेत. कित्येकांची ओळख अजून पटलेली नाही.

स्थलांतरितांच्या आश्रयगृहात गेलात तर ‘तुम्ही घर का सोडलंत?’ असं कुणाला विचारू नकोस. अधिकाऱ्यांपुढे, वकिलांपुढे सांगून ते थकलेले असतात. पानं वाढायला लाग, पोरांशी खेळ, आणि फोन पिशवीतच राहू दे. गस्तीवरच्या शिपायाचंही ऐकून घे. त्या दलात मेक्सिकन वंशाचे पुष्कळजण आहेत.

आणि हे परक्यांचं दुखणं समजू नकोस. जून २०१९ मध्ये याच वाळवंटात सहा वर्षांची एक भारतीय मुलगी उष्म्याने गेली. आई पाणी शोधायला गेली होती. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेने लष्करी विमानाने अमृतसरला परत पाठवलेल्या १०४ भारतीयांत आपल्या महाराष्ट्रातलेही होते.

परत आल्यावर निबंध लिहावा लागेलच. बाजू जरूर घे, पण त्याआधी कायदा वाच आणि जमलं तर टूसॉनच्या फेडरल कोर्टात तासभर बसून ये. नुसती हळहळ कुणाच्याच उपयोगी पडत नाही. माहिती करून घे, मग ठणकावून बोल.

तुझा,
मामा