क्रूझचे ‘लॉयल्टी’ गुण: फुकटाचा खरा हिशेब

सिंगापूर-मलेशियाच्या पॅकेजमध्ये तीन-चार रात्रींची क्रूझ जोडून घेणारी मराठी कुटुंबं आता पुष्कळ आहेत. घरी परतल्यावर काही दिवसांत मेल येतो की अभिनंदन, तुम्ही आमचे गोल्ड सभासद झालात. मग पुढची क्रूझही त्याच कंपनीची घ्यावी, म्हणजे वरची श्रेणी मिळेल, असा विचार सुरू होतो. तो विचार पैशाच्या दृष्टीने कितपत बरोबर आहे, ते इथे पाहू. उदाहरण रॉयल कॅरिबियनच्या ‘क्राउन अँड अँकर सोसायटी’चं घेऊ, कारण सिंगापूरच्या मरीना बे क्रूझ सेंटरवरून जाणाऱ्या आपल्याकडच्या बऱ्याच प्रवाशांची गाठ हिच्याशीच पडते.

सभासद होण्याला पैसे पडत नाहीत. जहाजावरच्या प्रत्येक रात्रीला एक गुण मिळतो. स्वीट घेतला, तर रात्रीला दोन. एकट्याने केबिन घेऊन दोघांचं भाडं भरणाऱ्यालाही दोन मिळतात. तीन गुणांना गोल्ड, 30 ला प्लॅटिनम, 55 ला एमराल्ड, 80 ला डायमंड, 175 ला डायमंड प्लस आणि 700 ला पिनॅकल. 18 वर्षांखालच्या मुलांना आईवडिलांची श्रेणी मिळते. पती-पत्नी एका पत्त्यावर राहत असतील, तर ज्याचे गुण जास्त त्याची श्रेणी दुसऱ्यालाही मिळू शकते, पण त्यासाठी दोघांची खाती जोडून घ्यावी लागतात. हे काम आपणहून केलेलं बरं.

गोल्ड आणि प्लॅटिनममध्ये मोठंसं काही पदरात पडत नाही. काही सवलतीची कुपनं, कधी एखादी छोटी भेट, प्लॅटिनमपासून बाल्कनीच्या केबिनवर थोडी सूट. योजनेत खरी जान येते ती डायमंडला. दिवसाला माणशी चार फुकट पेयांची कुपनं, त्याशिवाय बऱ्याच जहाजांवर डायमंडवाल्यांसाठी वेगळं लाउंज असतं. पिनॅकलला तर एक क्रूझच भेट मिळते, पण 700 रात्री म्हणजे जवळजवळ दोन वर्षं पाण्यावर. नोकरीधंदा सांभाळून भारतातून जाणाऱ्याने तो विचार बाजूलाच ठेवावा.

आता डायमंडचा हिशेब. चार रात्रींची क्रूझ धरली, तर 80 गुणांसाठी 20 सफरी लागतात. भाडं आणि मुंबई-सिंगापूर विमान सोडून देऊ, फक्त सेवाशुल्क पाहू. साध्या केबिनला ते 2025 मध्ये माणशी दिवसाला 18.50 डॉलर होतं. 80 रात्रींचे 1,480 डॉलर. जोडप्याचे 2,960. सोयीसाठी डॉलर 90 रुपयांचा धरला, तर हे 2,66,400 रुपये झाले, आणि तेही केवळ सेवाशुल्काचे. स्वीटमध्ये रात्री निम्म्या लागतात हे खरं, पण स्वीटचं भाडं बहुतेक वेळा साध्या केबिनच्या दुपटीहून बरंच वर असतं. गुणांसाठी स्वीट घेण्यात काहीच राम नाही.

आता दुसरी बाजू. चार रात्रींत डायमंड जोडप्याला 32 पेयं मिळतात. 14 डॉलरचं कॉकटेल 18 टक्के सेवाशुल्क धरून 16.52 डॉलरला पडतं. दोघांनी सगळी कुपनं त्यावरच वापरली, तर सुमारे 528 डॉलर, म्हणजे साधारण साडेसत्तेचाळीस हजार रुपये वाचले. चांगली रक्कम आहे, नाही कशाला म्हणायचं? पण दोघंही दारू न पिणारे असतील, तर कुपनं कॉफी-सोड्यावर जातात आणि बचत निम्म्याहून खाली येते. साधा चहा, साधी कॉफी, पाणी हे तर बुफेत सगळ्यांनाच फुकट असतं. योजनेच्या माहितीपत्रकात हा फरक कुणी सांगत नाही, म्हणून इथे मुद्दाम लिहिला. आपल्या घरात पेयांचा खर्च किती होतो हे मागच्या सफरीच्या शेवटच्या बिलावर दिसतं. ते बिल जपून ठेवा.

बाकीच्या कंपन्यांचे नियम वेगळे आहेत. प्रिन्सेस क्रूझेसमध्ये सफरी किंवा दिवस यांपैकी जे आधी पुरं होईल ते धरतात. 15 सफरी किंवा 150 दिवस उलटले की एलिट श्रेणी मिळते आणि कपडे धुऊन इस्त्री करून मिळतात. लांबच्या सफरीत ही सोय दारूच्या कुपनांपेक्षा आपल्या मंडळींना जास्त कामाची, असं माझं स्पष्ट मत आहे. एमएससी दुसऱ्या क्रूझ कंपनीतली तुमची श्रेणी पाहून आपल्याकडे तोलामोलाची श्रेणी देते. रॉयल कॅरिबियनने 2024 पासून सेलिब्रिटी आणि सिल्व्हरसी या आपल्याच समूहातल्या कंपन्यांमध्ये श्रेणी ग्राह्य धरायला सुरुवात केली. एका ठिकाणी डायमंड असाल, तर दुसरीकडे तळापासून सुरुवात करण्याआधी विचारून घ्या.

मुंबईकरांसाठी एक खुलासा. मुंबईहून गोवा-लक्षद्वीपला जाणारी कॉर्डेलियाची ‘एम्प्रेस’ ही पूर्वी रॉयल कॅरिबियनची होती. पण कंपनी वेगळी आहे. तिच्यावर काढलेल्या रात्रींचे क्राउन अँड अँकरमध्ये गुण मिळत नाहीत.

आणि नियम कायम राहतील असं समजू नका. कार्निव्हलमध्ये वर्षानुवर्षं दिवस मोजून श्रेणी मिळत होती. जून 2025 मध्ये कंपनीने जाहीर केलं की यापुढे खर्च मोजणार, आणि मिळालेली श्रेणीही मुदतीची असेल. 20-25 वर्षं तिच्याच जहाजांवर फिरलेल्यांना हे फार लागलं, आणि लागणारच. कंपनीच राहिली नाही तर गुणांचं काय, हा प्रश्नही पोकळ नाही. मुंबईहून चालणारी जलेश क्रूझेस 2020 मध्ये बंद पडली. सिंगापूरहून भारतीयांना फिरवणाऱ्या ड्रीम क्रूझेसची मूळ कंपनी, गेंटिंग हाँगकाँग, 2022 मध्ये दिवाळखोरीत गेली. गुण म्हणजे बँकेतली ठेव नव्हे.

टूर कंपनीमार्फत जाणाऱ्यांनी तीन गोष्टी पाहाव्यात. सभासद क्रमांक बुकिंगच्या वेळीच एजंटला द्यावा आणि कन्फर्मेशनवर तो छापून आला का ते तपासावं. नाव पासपोर्टवर आहे अक्षरशः तसंच हवं. वडिलांचं नाव एका सफरीत घातलं आणि दुसरीत गाळलं, की एकाच माणसाची दोन खाती तयार होतात आणि गुण विभागले जातात. तिसरं म्हणजे, ग्रुपच्या भाड्यावर सभासदाची सूट लागू होते का, हे लेखी विचारावं. बऱ्याचदा दोन्ही सवलती एकत्र मिळत नाहीत.

जहाजावरच पुढची सफर नोंदवली, तर खर्चासाठी काही डॉलरचं क्रेडिट मिळतं. त्यासाठी श्रेणी लागत नाही. पहिल्या सफरीतल्या प्रवाशाला गोल्डच्या कुपनांपेक्षा यातून बरेचदा जास्त मिळतं. मात्र भरलेली अनामत परत मिळणारी आहे का, हे सही करण्याआधी वाचा.

अमेरिकेत राहून दरवर्षी फ्लोरिडा किंवा गॅल्व्हेस्टनहून एक-दोन क्रूझ करणाऱ्या कुटुंबाने एकाच समूहाला धरून राहावं, दहा-बारा वर्षांत डायमंड सहज होतं. भारतातून दोन-चार वर्षांनी एकदा जाणाऱ्याने सभासद जरूर व्हावं, पण बुकिंग करताना भाडं, बंदर कर, सेवाशुल्क, वायफाय आणि विमान यांची बेरीज दोन कंपन्यांची शेजारी शेजारी लिहावी आणि जिचा आकडा कमी, ती क्रूझ घ्यावी.