बल्बवर चालतो, मोटरवर का जळतो?

विज्ञान प्रदर्शनासाठी विजेवर चालणारी सायकल करताना तिचा वेगनियंत्रक घरीच जोडण्याची हौस अनेकांना असते. चाचणी म्हणून त्याला प्रथम बल्ब जोडतात. मूठ फिरवावी तसा बल्ब कमीजास्त उजळतो. मग मोटर जोडतात आणि क्षणार्धात नियंत्रक जळतो! दोष कोठे असेल? चला, क्रमाने शोधू.

नियंत्रकाचे मुख्य अंग म्हणजे मॉस्फेट. हा एक वेगवान स्विच आहे. सेकंदाला काही हजार वेळा तो चालू-बंद होतो. २४ व्होल्टच्या बॅटरीवर तो निम्मा वेळ चालू राहिला, तर मोटरला सरासरी १२ व्होल्ट मिळतात. चालू-बंद काळाचे प्रमाण बदलले की वेग बदलतो.

पहिला संशयित : उष्णता

आयआरएफझेड-४४-एन हा सहज मिळणारा मॉस्फेट घ्या. पूर्ण चालू असताना त्याचा रोध सुमारे ०.०१७५ ओहम असतो. २५० वॅटच्या मोटरला २४ व्होल्टवर साधारण १० अँपिअर प्रवाह लागतो. म्हणून

उष्णता = १० × १० × ०.०१७५ = १.७५ वॅट.

ही फार नाही. पण मॉस्फेट अर्धवट चालू राहून त्याच्यावरच १२ व्होल्ट पडले तर? १२ × १० = १२० वॅट! २५ वॅटच्या जवळजवळ पाच सोल्डरिंग आयर्नची उष्णता नखाएवढ्या तुकड्यात साठली, तर तो टिकणार कसा? बल्ब २१ वॅटचा असेल तर प्रवाह एक अँपिअरपेक्षाही कमी, म्हणून तेव्हा हा दोष लपून राहतो.

तपासणी सोपी आहे. बल्ब जोडून मूठ पूर्ण फिरवा आणि मॉस्फेटच्या गेट व सोर्स या टोकांमधील विद्युतदाब मोजा. तो १० ते १२ व्होल्ट हवा. ५ व्होल्टच असेल, तर मॉस्फेट पूर्ण चालू होईलच असे नाही. मात्र गेटला बॅटरीचे २४ व्होल्ट थेट देऊ नका. त्याची कमाल मर्यादा २० व्होल्ट आहे.

दुसरा संशयित : प्रवाहाचा हट्ट

मोटरमध्ये तारेची वेटोळी असतात. त्यांतील प्रवाह एकाएकी तोडला, तर वेटोळे तो चालू ठेवण्यासाठी स्वतःच विद्युतदाब निर्माण करते. यालाच स्वयंप्रवर्तन म्हणतात. अमेरिकन शास्त्रज्ञ जोसेफ हेन्री यांनी १८३२ मध्ये त्याविषयी लिहिले. प्रवर्तकत्वाच्या एककाला त्यांचेच नाव आहे.

समजा, मोटरचे प्रवर्तकत्व ०.०००१ हेन्री आहे आणि १० अँपिअर प्रवाह एका सेकंदाच्या दशलक्षांश भागात तुटतो. तर

विद्युतदाब = ०.०००१ × १० ÷ ०.०००००१ = १००० व्होल्ट.

आपला मॉस्फेट सोसतो फक्त ५५ व्होल्ट! बल्बमध्ये हा हट्ट जवळजवळ नसतोच.

उपाय म्हणजे प्रवाहाला वाट देणे. मोटरच्या दोन टोकांवर डायोड जोडावा व त्याची पट्ट्याची बाजू धन टोकाकडे ठेवावी. मॉस्फेट बंद होताच प्रवाह डायोडमधून मोटरमध्येच फिरत राहतो. डायोड उलटा जोडला, तर मॉस्फेट चालू होताच बॅटरी शॉर्ट होते. १एन४००७ येथे चालत नाही. तो १ अँपिअरचा आहे, शिवाय बंद व्हायला वेळ लावतो. १० अँपिअरहून अधिक क्षमतेचा शॉटकी डायोड घ्यावा.

बॅटरीच्या लांब तारांनाही थोडे प्रवर्तकत्व असते. म्हणून तारा आखूड ठेवा आणि नियंत्रकाजवळ बॅटरीच्या दोन टोकांमध्ये ५० व्होल्टचा कॅपॅसिटर योग्य दिशेने जोडा.

एक महत्त्वाची सूचना

जळालेला मॉस्फेट बहुधा बंद पडत नाही, कायमचा चालू राहतो. म्हणजे मूठ सोडली तरी सायकल पूर्ण वेगाने धावू शकते. म्हणून चाक जमिनीपासून उचलूनच चाचणी करा. बॅटरीलगत फ्यूज आणि हाताशी मुख्य स्विच हवाच. बल्बच्या चाचणीला ५ अँपिअरचा फ्यूज पुरेसा आहे. मोठ्या माणसांना जवळ ठेवा.

आता एक प्रश्न : चढावर प्रवाह १० ऐवजी २० अँपिअर झाला, तर पूर्ण चालू असलेल्या मॉस्फेटमधील उष्णता किती पट होईल? वहीत गणित करून पाहा.