चालत्या आज्ञावलीतील उडी

संगणकाला दिलेली आज्ञावली चुकली, तर ती नेमकी कोठे चुकली हे शोधून काढणे पुष्कळदा ती लिहिण्याहूनही कष्टाचे असते. या शोधासाठी प्रोग्रामर जे साधन वापरतो त्याला डीबगर असे म्हणतात. डीबगर चालू आज्ञावलीला हव्या त्या ओळीवर थांबवून धरतो, त्या क्षणी कोणत्या चलाचे मूल्य किती आहे ते दाखवितो आणि मग तिला एकेक ओळ पुढे चालवितो. अनेक डीबगरांमध्ये आणखी एक सोय असते. ‘आता येणारी ओळ राहू दे, अमुक क्रमांकाच्या ओळीपासून पुढे चाल,’ अशी आज्ञा त्याला देता येते. नुकतीच पार पडलेली ओळ वेगळे मूल्य देऊन पुन्हा चालवून पाहावयाची असेल, किंवा एखादा भाग तात्पुरता टाळावयाचा असेल, तर ही उडी फार उपयोगी पडते.

परंतु ही आज्ञा प्रत्येक वेळी मानली जाते असे नाही. काही उड्या डीबगर बिनतक्रार मारतो, तर काही साफ नाकारतो. आज्ञावली ज्याची, तपासणारा तोच, आणि काही बिघडले तर नुकसानही त्याचेच. मग त्याला अडविण्याचा अधिकार भाषेला कोणी दिला? हा प्रश्न वाटतो तितका हट्टी नाही. त्याचे उत्तर मिळविण्यासाठी आपण पायथन या भाषेचे उदाहरण घेऊ.

पायथनच्या कामाला ख़िडो व्हान रॉस्सुम यांनी डिसेंबर १९८९ मध्ये आम्स्टरडॅम येथील गणित व संगणकशास्त्राच्या राष्ट्रीय संशोधन संस्थेत प्रारंभ केला आणि फेब्रुवारी १९९१ मध्ये ती लोकांसमोर आली. आपल्या देशात केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या अकरावी-बारावीच्या संगणकशास्त्राच्या अभ्यासक्रमातही आज हीच भाषा शिकविली जाते. आज्ञावलीत मन मानेल तेथे उडी मारण्याचे ‘गो टू’ हे विधान या भाषेत मुळातच नाही. एड्स्गर डाइक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञांनी मार्च १९६८ मध्ये एका संगणकविषयक नियतकालिकात पत्र लिहून या विधानावर कडक टीका केली होती. पुढील काळात अनेक भाषांच्या रचनेवर त्या विचाराची छाया पडली. असे असता, जी उडी भाषेने पुढच्या दाराने येऊ दिली नाही, ती डीबगरच्या रूपाने मागच्या दाराने आत आली, असे म्हणावे लागते. १ एप्रिल २००४ रोजी तर कोणी एकाने या मागच्या दाराचाच उपयोग करून पायथनला ‘गो टू’ मिळवून दिला! तो थट्टेचा प्रकार होता; तथापि तो खरोखर चालत असे.

उडीतील धोका कळण्यासाठी भाषेचा दुभाषी, म्हणजे इंटरप्रिटर, आतून कसा चालतो हे थोडे पाहिले पाहिजे. प्रोग्रामरने लिहिलेल्या ओळी दुभाषी जशाच्या तशा वाचीत नाही. त्या ओळींचे आधी बारीक बारीक यांत्रिक सूचनांमध्ये रूपांतर होते. या सूचनांच्या मालिकेला बाइटकोड म्हणतात. एका ओळीच्या पोटी अशा चार-पाच सूचना सहज असू शकतात. त्या पार पाडताना मधल्या वस्तू कोठे तरी ठेवाव्या लागतात. त्यासाठी प्रत्येक चालू फंक्शनला एक चळत दिलेली असते. धुतलेल्या ताटांच्या चळतीत जसे शेवटी ठेवलेले ताट प्रथम उचलले जाते, तसेच येथेही घडते: वस्तू वर ठेवावयाची आणि वरूनच काढावयाची.

आता चार ओळींची एक आज्ञावली डोळ्यांसमोर आणा. पहिली ओळ ‘बेरीज’ नावाच्या चलात शून्य घालते. दुसरी ओळ ‘फॉर’ या शब्दाने सुरू होते आणि बिलांच्या यादीतील एकेक रक्कम घ्या असे सांगते. तिसरी ओळ लूपच्या पोटात आहे. ती हाती आलेली रक्कम बेरजेत मिळविते. चौथी ओळ लूपच्या बाहेर असून ती बेरीज छापते.

दुसऱ्या ओळीवर येताच दुभाषी यादीवरून एक लहानशी वस्तू तयार करतो. यादीत आपण कोठवर आलो आणि पुढची रक्कम कोणती, एवढेच लक्षात ठेवणे हे तिचे काम. तिला इटरेटर म्हणतात. हा इटरेटर चळतीवर ठेवला जातो आणि लूप संपेपर्यंत तेथेच राहतो. प्रत्येक फेरीच्या आरंभी दुभाषी चळतीच्या माथ्यावरील वस्तूला ‘पुढची रक्कम दे’ म्हणून विचारतो. रकमा संपल्या की इटरेटर खाली उतरविला जातो आणि चळत पूर्वीसारखी होते.

समजा, आपण पहिल्या ओळीवर थांबलो आहोत आणि एकदम तिसऱ्या ओळीवर उडी मारावयाची आहे. कागदावर पाहता या दोन ओळींत फक्त एका ओळीचे अंतर आहे. पण दुसरी ओळ चाललीच नाही, म्हणून इटरेटर जन्माला आला नाही. तिसरी ओळ पार पडल्यावर दुभाषी लूपच्या आरंभी परत जाईल आणि चळतीच्या माथ्यावर हात घालील. तेथे इटरेटर नसेल. पायथनचा सर्वाधिक वापरातला दुभाषी सी भाषेत लिहिलेला आहे, आणि वेग राखण्यासाठी तो प्रत्येक सूचनेपूर्वी चळतीची झडती घेत बसत नाही. सूचना रचणाऱ्याने हिशेब चोख ठेवला आहे यावर त्याचा विश्वास असतो. उडीने तो विश्वास मोडला, की दुभाषी स्मृतीतील भलत्याच जागेला इटरेटर समजून बसेल. मग चुकीचा संदेश येत नाही; आज्ञावली, डीबगर आणि इतका वेळ जमविलेली सारी माहिती यांसह दुभाषीच कोसळतो.

उलट दिशेची उडी पाहा. तिसऱ्या ओळीवरून चौथीवर जावयाचे, म्हणजे लूप अर्धवट सोडून बाहेर पडावयाचे. येथे चळतीवर एक वस्तू जास्त उरते. ती काढून टाकली आणि तिच्या वापराची नोंद एकने कमी केली, की सर्व सुरळीत होते. म्हणून ही उडी मान्य आहे. चळतीवरचे जास्तीचे काढून टाकणे सोपे; नसलेले निर्माण करणे अशक्य. उड्यांच्या नियमांचे मर्म एवढेच आहे. ‘व्हाइल’ प्रकारच्या लूपचे उदाहरण घेतले म्हणजे हे आणखी स्पष्ट होईल. तो लूप प्रत्येक फेरीत केवळ एक अट तपासतो, चळतीवर काहीच राखून ठेवीत नाही. त्याच्या पोटात बाहेरून उडी मारली तरी दुभाष्याचे काही बिघडत नाही.

मात्र हे मर्म नियमांमध्ये उतरण्यास बराच काळ लागला. ओळीचा क्रमांक बदलून उडी मारण्याची सोय पायथनच्या २.३ या आवृत्तीत, २००३ साली आली. त्या वेळचे नियम म्हणजे निषिद्ध जागांची एक यादी होती: कोणत्याही लूपच्या किंवा तत्सम खंडाच्या मध्यात शिरू नये, ‘फायनली’ खंडात बाहेरून शिरू नये आणि त्यातून बाहेर पडू नये, ‘एक्सेप्ट’च्या ओळीवर उतरू नये. अशा यादीत दोन दोष असतात. ती निरुपद्रवी उड्याही अडविते. वर सांगितलेली व्हाइलमधील उडी तिने वर्ज्यच ठरविली होती. शिवाय भाषेत नवी रचना आली, की यादीत भर घालण्याची आठवण कोणाला तरी ठेवावी लागते.

पुढे, २०१९ च्या ३.८ या आवृत्तीपासून बाइटकोडची खंडरचनाच सुटसुटीत झाली आणि त्यानंतरच्या आवृत्त्यांमध्ये यादीच्या जागी हिशेब आला. हा हिशेब मला यादीपेक्षा कितीतरी श्रेष्ठ वाटतो. २०२२ च्या ३.११ या आवृत्तीत तो असा चालतो: उडीची मागणी येताच दुभाषी त्या फंक्शनच्या सर्व सूचना प्रत्यक्ष न चालविता मनातल्या मनात चालवून पाहतो आणि प्रत्येक सूचनेच्या जागी चळतीवर कोणत्या प्रकारच्या वस्तू असतील त्याची नोंद करतो. वस्तूचे मूल्य त्याला नको असते, फक्त जात हवी असते: इटरेटर आहे, हाताळला जात असलेला अपवाद आहे, की साधी वस्तू आहे. प्रत्येक नोंदीला तीन बिट पुरतात आणि सगळी चळत चौसष्ट बिटांच्या एकाच संख्येत मावते. त्यामुळे एकवीस वस्तूंपेक्षा उंच चळतीचा हिशेब त्याला करता येत नाही. तशा जागी तो ‘चळत फार खोल आहे’ असे सांगून उडी नाकारतो. एरवी सध्याच्या जागेची चळत आणि जेथे उतरावयाचे तेथील चळत यांची तो तुलना करतो. वरचे जास्तीचे काढून टाकल्यावर दोन्ही जुळल्या तर उडी मान्य. न जुळल्या तर नकार, आणि नकाराबरोबर कारणही. फॉर लूपच्या पोटात शिरता येणार नाही, किंवा अपवाद घडलेलाच नसल्यामुळे त्याच्या हाताळणीच्या खंडात जाता येणार नाही, अशा स्पष्ट शब्दांत ते सांगितले जाते.

उडी कोठून मारावी यालाही बंधन आहे. डीबगरला दुभाष्याकडून चार मुख्य प्रसंगी वर्दी मिळते: फंक्शनमध्ये प्रवेश होताना, नवी ओळ सुरू होण्यापूर्वी, फंक्शन परतताना आणि अपवाद घडताना. यांपैकी नव्या ओळीच्या उंबरठ्यावरच उडीला परवानगी असते. फंक्शन परतीच्या वाटेला लागले असेल, तर त्याच्या पुढे चालविण्यासाठी सूचनाच राहिलेल्या नसतात. अपवाद घडला असेल, तर दुभाषी एखाद्या सूचनेच्या ऐन मध्यात असतो आणि चळत अर्धवट अवस्थेत असते. या दोन प्रसंगींच्या उड्या २०१८ मध्ये बंद करण्यात आल्या.

येथवर वाचून कोणास वाटेल की मान्य झालेली उडी म्हणजे योग्य उडी. तसे मुळीच नाही. एकापाठोपाठ एक असे दोन फॉर लूप आहेत असे समजा. पहिल्याच्या पोटातून दुसऱ्याच्या पोटात उडी मारली, तर दोन्हीकडे चळतीवर एकेक इटरेटरच अपेक्षित असल्याने हिशेब जुळतो. परंतु तो इटरेटर पहिल्या यादीचा असतो, आणि दुसरा लूप निमूटपणे पहिल्याच यादीतील उरलेल्या रकमा खाऊ लागतो. याहून गंभीर प्रकार ‘विथ’ या विधानाचा. एखाद्या सामाईक वस्तूला कुलूप लावून काम करावे आणि काम संपताच ते आपोआप उघडावे, यासाठी हे विधान वापरतात. त्याच्या पोटातून उडी मारून बाहेर पडता येते. पण चळतीवर ठेवलेली कुलूप उघडण्याची क्रिया तेव्हा केवळ काढून टाकली जाते, पार पाडली जात नाही. कुलूप तसेच राहते आणि त्याची वाट पाहणारा आज्ञावलीचा दुसरा धागा कायमचा अडकून बसू शकतो. दुभाषी स्वतःचा जीव सांभाळतो. आपल्या आज्ञावलीचा अर्थ सांभाळणे त्याच्या कक्षेत येत नाही.

अलीकडे वेगाच्या ओढीने या हिशेबात एक नवी भर पडली आहे. पूर्वी फंक्शनमधील चल वाचताना त्यात मूल्य आहे की नाही हे दरवेळी तपासले जाई. २०२३ च्या ३.१२ या आवृत्तीपासून, चलाला येथवर मूल्य मिळालेलेच असणार अशी खात्री भाषांतराच्या वेळी पटली, तर ही तपासणी गाळली जाते. ही खात्री ओळी सरळ क्रमाने चालतील या गृहीतावर उभी असते. आपल्या उदाहरणात पहिली ओळ चालण्यापूर्वीच थेट चौथीवर उडी मारली, तर चळतीचा हिशेब बरोबर जुळेल, परंतु ‘बेरीज’ या चलाची जागा रिकामी असेल आणि तपासणीवाचून ती वाचू जाणारा दुभाषी पुन्हा कोसळण्याच्या मार्गावर येईल. येथे उडी नाकारलेली नाही. उडीच्या क्षणी ज्या चलांना मूल्य नाही त्यांत दुभाषी ‘नन’, म्हणजे ‘काही नाही’ हे मूल्य आपणहून भरतो आणि किती चलांत ते भरले याची सूचना पडद्यावर देतो. चौथ्या ओळीवर मग बेरजेच्या जागी ‘नन’ हा शब्द छापला जातो. तेथे छापण्याऐवजी एखादी रक्कम मिळविण्याचे विधान असते, तर वस्तूंचे प्रकार जुळत नाहीत अशी साधी, वाचता येण्याजोगी चूक समोर आली असती आणि डीबगर हाती शाबूत राहिला असता.