कातीव खुळखुळा आणि पाण्याचं वॉर्निश
(कार्यानुभव)



परवा चौथीतला एक मुलगा लाकडी खुळखुळा घेऊन शाळेत आला. सुताराच्या लेथवर कातून घेतलेला, छान गुळगुळीत. म्हणाला, "गुरुजी, धाकट्या भनीसाठी हाय. फाटकाचा जुना रंग उरलाय घरात, त्यो लावू का?"

मी विचारलं, "तान्हं पोर खुळखुळा आधी वाजवतं, का आधी तोंडात घालतं?" सगळा वर्ग हसला. उत्तर सगळ्यांनाच ठाऊक होतं. म्हणून आजचा हा पाठ.

जुना डबा का नको?
पूर्वीच्या तेली रंगांत, त्यातही लाल-पिवळ्या रंगांत, शिसे असायचे. ते पोटात गेले तर लहान मुलाच्या मेंदूला अपाय होतो, आणि झालेला अपाय भरून निघत नाही. सरकारने २०१६ साली नियम केला. त्याप्रमाणे १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगाच्या दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसे असलेला रंग विकायला बंदी आहे. त्याआधीचा डबा कितीही चांगला दिसला तरी खेळण्याला लावू नका.

मग काय लावायचं?
आपली जुनी रीत लाखेची. आंबोली घाटाच्या खाली सावंतवाडी आहे. तिथली लाकडी खेळणी आणि लाखकाम प्रसिद्ध आहे. झाडाच्या फांद्यांवर राहणारे छोटे किडे लाख तयार करतात. कातारी फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबतो. घर्षणाने लाकूड तापतं, लाख वितळते आणि चकाकी येते. पण ते काम सराईत हाताचं. आपल्याला सोपं ते पाण्याचं वॉर्निश.

हे डब्यात दुधासारखं पांढरं दिसतं. त्यात राळेचे अगदी बारीक कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडून गेलं की कण एकमेकांना चिकटतात आणि पारदर्शक थर तयार होतो. वास कमी, आणि ब्रश नुसत्या पाण्याने धुता येतो. मात्र 'पाण्याचं' म्हणजे आपोआप निर्धोक असं समजू नका. डब्यावर 'लहान मुलांच्या खेळण्यांसाठी योग्य' असं लिहिलेलं वाचूनच घ्या.

कृती
१. लाकूड पूर्ण वाळलेलं हवं. त्यावर पाण्याचा थेंब टाका. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर लाकडाला तेल किंवा मेण लागलेलं आहे. तिथे वॉर्निश धरणार नाही.
२. पावसाळ्यात घराची दारं फुगतात ना? तसंच लाकडाचे तंतू पाणी पिऊन उभे राहतात आणि हाताला खरखर लागते. म्हणून आधीच ओलं फडकं फिरवा, वाळू द्या, मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकं घासा.
३. डबा हलवू नका, बुडबुडे होतात. काडीने सावकाश ढवळा.
४. मऊ ब्रशने पातळ हात द्या. जाड थर दिला तर ओघळ येतात.
५. वाळल्यावर ३२० नंबरच्या पेपरने हलकं घासा, धूळ पुसा, दुसरा हात द्या. असे तीन हात पुरेत. लोखंडी काथ्याने घासू नका. त्याचे तुकडे राहिले तर गंजाचे डाग पडतात.
६. दोन हातांमध्ये किती वेळ सोडायचा ते डब्यावर असतं. आपल्याकडच्या पावसाळी हवेत त्याहून जास्त सोडा. गगनबावड्याकडच्या मुलांनी तर घाई करूच नये!

वॉर्निश लावताना लेथ बंद हवा. फिरत्या लाकडाजवळ फडकं नेलं तर बोटासकट ओढलं जाईल. लेथ चालवणं हे मोठ्यांचंच काम.

पोळपाट-लाटण्याला हे वॉर्निश लावू नका. रोज घासून थर झिजतो आणि कण पिठात जातात. त्याला खायच्या तेलाचा हात पुरे.

शेवटची गोष्ट: धीर
हाताला कोरडं लागलं म्हणजे थर पक्का झाला असं नाही. पक्का व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. आमचा विद्यार्थी म्हणाला, "एवढे दिस कोण थांबतंय?" मी म्हटलं, "बहीण तुझी आहे ना? मग तूच थांबायचं." खुळखुळा आता वर्गाच्या खिडकीत टांगलाय. तारीख खाली लिहून ठेवली आहे. रोज बघा, पण हात लावू नका.

सांगा पाहू
१. वॉर्निशआधी लाकूड ओलं का करायचं?
२. तुमच्या घरातल्या रंगाच्या डब्यावर शिशाबद्दल काय लिहिलं आहे? वाचून वहीत उतरवा.