मोटारीचे इंधन आणि सरकारी सवलत

मोटार म्हटली की पेट्रोल आलेच, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. वस्तुतः इंजिनास पेट्रोलाचेच व्यसन आहे असे नाही; हवेत मिसळल्यावर ठिणगी पडताच पेट घेईल असा कोणताही वायू त्यास चालतो. ह्याचा अनुभव आपल्या देशाने दुसऱ्या महायुद्धात घेतला. १९४१ साली पेट्रोलाचे रेशनिंग सुरू झाले आणि सर्व्हिस मोटारींच्या पाठीशी लोखंडी भट्ट्या दिसू लागल्या. भट्टीत लाकडी कोळसा अपुऱ्या हवेत जाळीत. त्यापासून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू गाळून व थंड करून इंजिनात सोडीत. ह्या मिश्रणात निम्म्याच्या आसपास भाग निरुपयोगी नायट्रोजनचा. त्यामुळे इंजिनाची शक्ती तिसऱ्या हिश्श्याने, कधी त्याहूनही अधिक घटे, आणि चढण आली की गाडी धापा टाकू लागे. शिवाय वायू विषारी. युद्ध संपून पेट्रोल मिळू लागताच त्या भट्ट्या भंगारात गेल्या, आणि त्यांच्यासाठी फारसे कोणी हळहळले असेल असे आम्हांस वाटत नाही.

आज ज्या वायूंवर मोटारी चालतात ते ह्याहून पुष्कळच गुणी आहेत. एक सी.एन.जी., म्हणजे दाबलेला नैसर्गिक वायू. तो मुख्यत्वे मिथेन असून वातावरणाच्या सुमारे २०० पट दाबाने टाकीत भरतात. दुसरा एल.पी.जी.; हा प्रोपेन व ब्यूटेन ह्यांचे मिश्रण होय. प्रोपेन शून्याखाली ४२ अंशांवर उकळतो, ब्यूटेन शून्याच्या जवळपास; म्हणून बेताच्या दाबाने हे मिश्रण द्रवरूप होते. स्वयंपाकघरातील गॅस तो हाच. ह्या एका गोष्टीतून पुढील सारा अनर्थ उद्भवतो, म्हणून ती वाचकांनी ध्यानी ठेवावी.

मोटारीत एल.पी.जी. वापरण्यास कायद्याची उघड मान्यता मिळाली ती अलीकडे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात २००० साली दुरुस्ती होऊन बावन्नाव्या कलमात बॅटरी, सी.एन.जी., सूर्यशक्ती व एल.पी.जी. ह्यांवर गाडी चालविण्यासाठी इंजिनात फेरफार करण्याची मुभा आली. २००१ साली केंद्र सरकारने मोटारींतील एल.पी.जी.विषयी स्वतंत्र आदेश काढला. मुभा आली ती अटींसह. जोडसामान मान्यताप्राप्त असावे, आणि फेरफाराची नोंद परिवहन कार्यालयात होऊन गाडीच्या नोंदणीपुस्तकात इंधन बदललेले दिसावे.

कायदा परवानगी देतो. लोकांस वळवितो तो कर. महाराष्ट्र सरकारने १ एप्रिल २०२२ पासून सी.एन.जी.वरील मूल्यवर्धित कर १३.५ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणला. ही सवलत मोठीच. परंतु २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात सी.एन.जी. व एल.पी.जी.वर चालणाऱ्या खाजगी चारचाकी गाड्यांचा वाहनकर एक टक्क्याने वाढविला, आणि त्याच वर्षीच्या विद्युत वाहन धोरणाने विजेच्या गाड्यांस करमाफी, खरेदीस साहाय्य व समृद्धी महामार्गावर टोलमाफी देऊ केली. सरकारची मर्जी अशी एका इंधनावरून दुसऱ्यावर जात असते. त्यात गैर काही नाही. पण आज गॅसचे जोडसामान बसविणाऱ्याने उद्याचा कर आजच्यासारखाच राहील असे धरून चालू नये.

आता आपल्या वऱ्हाडाकडे पाहू. सवलत कागदावर साऱ्या राज्यास सारखी असते. तिचा लाभ मात्र जेथे इंधन हाताशी तेथेच मिळतो. मुंबईत महानगर गॅस कंपनी १९९५ साली स्थापन झाली. वऱ्हाडातील जिल्ह्यांची पाळी आली ती त्यानंतर सुमारे पाव शतकाने. समृद्धी महामार्ग अमरावती जिल्ह्यातून धामणगावाजवळून जातो, पण अकोला जिल्ह्यास तो शिवत नाही. पंप दूर, आणि स्वयंपाकाचा सिलिंडर मात्र घरोघरी! अशा ठिकाणी रिक्षावाल्याच्या मनात कोणता विचार येईल हे सांगावयास ज्योतिषी नको. घरगुती गॅस स्वस्त राहावा म्हणून सरकारने पदरचे पैसे घातले ते गृहिणीसाठी. तेच पैसे चुलीवरून उतरून रस्त्यावर धावू लागतात.

हा केवळ तिजोरीचा प्रश्न असता तर शाळेच्या अंकात त्याची चर्चा आम्ही केली नसती. मोटारीची गॅसटाकी व घरचा सिलिंडर ह्यांत मोठा भेद आहे. मोटारीच्या टाकीची झडप ८० टक्के भरताच आत येणारा गॅस आपोआप थांबविते. उरलेली जागा मोकळी का, असे विद्यार्थी विचारतील. द्रवरूप गॅस तापला असता पाण्याहून कितीतरी पट अधिक फुगतो. त्यास फुगावयास जागा हवी. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांवर चढतो, तेव्हा उन्हात उभ्या असलेल्या गाडीतील टाकीची स्थिती काय होत असेल ह्याची कल्पना करावी. आडोशाच्या खोलीत घरच्या सिलिंडरातून पंपाने गॅस काढून अंदाजाने टाकी भरणारा मनुष्य हे माप पाळील ह्याची काय हमी? गॅस गळाला तर तो हवेहून जड असल्यामुळे वर न जाता जमिनीलगत पसरतो. हवेत दोन टक्क्यांच्या आसपास त्याचे प्रमाण झाले की एक ठिणगी पुरे. सी.एन.जी. हवेहून हलका असल्यामुळे गळताच वर निघून जातो, एल.पी.जी.च्या बाबतीत तसे होत नाही. त्यास मुद्दाम दिलेला उग्र वास हीच काय ती पूर्वसूचना.

अशा व्यवहारास २००० सालच्या एल.पी.जी. पुरवठा व वितरण आदेशान्वये बंदी असून जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली तीन महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. स्फोटक व ज्वालाग्राही पदार्थांच्या सुरक्षिततेवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय संस्थेचे मुख्य कार्यालय तर आपल्या शेजारी नागपुरासच आहे. तथापि भरदुपारी प्रत्येक रिक्षाची बैठक उचलून पाहण्यास पोलीस पुरे पडत नाहीत. जिच्यात दप्तरे घेऊन मुले दाटीने बसतात ती गाडी तरी पालकांनी पाहावी. नोंदणीपुस्तकात इंधन म्हणून काय लिहिले आहे, टाकी गाडीस पक्की जोडलेली असून तिच्यावर तपासणीची तारीख कोरलेली आहे किंवा नाही, आणि बैठकीखाली वा मागे तांबडा सिलिंडर तर दडलेला नाही ना, एवढे पाहण्यास पाच मिनिटे पुरतात. राज्य सरकारच्या २०११ सालच्या नियमांप्रमाणे प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असावयाची असते. मुलांची ने-आण करणाऱ्या गाड्यांची कागदपत्रे पाहणे हे तिचेच काम. तेव्हा पालकांस काही संशय आल्यास त्यांनी तो तिच्याकडे लेखी कळवावा.